गोठ्याचे घर

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे एक घर अंधेरीस, बोरिवलीस, मुलुंडास किंवा घाटकोपरास असते आणि दुसरे मनात असते. ते मनातले घर बहुधा कोकणात किंवा देशावर, आजोबांच्या गावी, वाडवडिलांच्या आवारातच असते. मूळचे घर पडले, किंवा वाटणीत चुलतभावाकडे गेले. परंतु मागचा गोठा, भाताचे कोठार किंवा शेतावरचा मांगर अजून चार भिंतींनिशी उभा आहे. बैल गेले, यंत्राने नांगरणी होऊ लागली. म्हशी विकल्या, पिशवीतले दूध आले. भात झोडून होताच विकले जाते, म्हणून कणगीही रिकामी राहिली. अशा रीतीने ज्या वास्तूचे काम संपले तिला दोन खोल्या, एक न्हाणी आणि पुढे पडवी एवढे जोडून राहते घर करावे, हा विचार सुचणे अगदी स्वाभाविक आहे. नवी इमारत बांधण्यापेक्षा जुनी वास्तू सावरणे काटकसरीचे, आणि वडिलांची खूण राखल्याचे समाधान त्यात आणखी आहे.

ह्या विचाराबरोबर तरुण मंडळी एक प्रश्न हटकून करितात. "काका, भिंती आपल्या, छप्पर आपले, जमीन आपली, मग विचारावयाचे कोणाला?" ह्या प्रश्नाचे सरळ उत्तर देणे हा ह्या लेखाचा हेतू आहे. उत्तर थोडक्यात असे की, भिंती आपल्या असल्या तरी त्यांचा उपयोग कोणत्या कामी करावा हे ठरविण्याचा पूर्ण अधिकार आपला नसतो. शेतावरील इमारतीस कायदा स्वतंत्र अस्तित्व देत नाही. ती शेतीचे अंग म्हणून उभी असते. हे तत्त्व नीट न समजल्यामुळे अनेक कुटुंबांची आयुष्याची शिल्लक अडकून पडते. म्हणून कुदळ उचलण्यापूर्वी ते समजून घेणे अवश्य आहे.

उपनगरांचा दाखला

हा प्रश्न परगावचा वाटत असला तरी आपली उपनगरे त्याच प्रश्नाच्या उत्तरातून निर्माण झाली आहेत. साष्टी बेट म्हणजे एके काळी भाताची खाचरे, खाजणे, मिठागरे, ताडामाडांच्या वाड्या आणि डोंगरउतारावरची कुरणे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली. १८६० नंतरच्या दशकात पश्चिमेकडील लोहमार्गही साष्टीतून गेला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि शहरातील गजबजलेल्या चाळींतून मोकळ्या हवेकडे जाण्याची इच्छा लोकांत बळावली. पुढे पार्ले, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथे मध्यम स्थितीच्या कुटुंबांची वस्ती वाढत गेली. १९२० मध्ये सरकारने मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढला. १९५० मध्ये अंधेरी व घाटकोपरपर्यंतचा, आणि १९५७ मध्ये बोरिवली व मुलुंडपर्यंतचा टापू बृहन्मुंबईच्या महापालिकेखाली आला. उपनगर जिल्हा १९९० मध्ये शहरापासून पुन्हा विभक्त करण्यात आला.

ह्या सर्व काळात शेताचे घर होताना एकच नियम पायाशी होता. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या ६५ व्या कलमाने खातेदारास आपल्या शेतजमिनीवर शेतीची इमारत बांधण्यास, विहीर किंवा तळे खणण्यास आणि लागवडीसाठी सुधारणा करण्यास मुभा दिली होती. परंतु जमिनीचा दुसऱ्या कोणत्याही कामी उपयोग करावयाचा असेल तर आधी कलेक्टरची परवानगी मागावी, असे बंधन घातले होते. कलेक्टरने तीन महिन्यांत उत्तर न दिल्यास परवानगी मिळाली असे समजावे, अशी सोयही त्यात होती. परवानगी मिळाली म्हणजे शेताचा हलका सारा जाऊन बिनशेती आकारणी लागू होई. उपनगरांतील गृहनिर्माण संस्थांना पुढे कित्येक दशकांनी बिनशेती कराच्या नोटिसा येऊ लागल्या तेव्हा सभासद चकित झाले. "आमच्या इमारतीचा शेतीशी काय संबंध?" असे ते विचारू लागले. संबंध इतकाच, की त्या इमारतीखाली पूर्वी भाताचे खाचर होते आणि महसुलाच्या दप्तरास त्याचा विसर पडलेला नव्हता.

उपनगरांतील म्हशींच्या तबेल्यांची हकीकत ह्याहून बोधप्रद आहे. शहराला दूध पुरविणारे तबेले वस्तीच्या पुढे पुढे सरकत गेले. १९४९ मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने गोरेगावजवळ आरे दुग्धवसाहत स्थापन झाली, आणि १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. सुमारे तीन हजार एकरांहून अधिक भूमीवर तीसच्या वर गोठे उभारून हजारो म्हशी तेथे हलविण्यात आल्या. तथापि जोगेश्वरी, अंधेरी, कांदिवली येथील खासगी तबेले सर्वस्वी नाहीसे झाले नाहीत. १९७६ मध्ये नागरी क्षेत्रात गुरे पाळण्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला आणि त्यासाठी परवाना आवश्यक ठरला. आता तबेला रिकामा झाला म्हणजे त्याखालच्या भूमीचे काय होते? आरेतील गोठे शासनाच्या भूमीवर आहेत. तेथील परवानाधारकास जनावरे ठेवण्याची मुभा होती, भूमीची मालकी नव्हती. म्हशी गेल्या म्हणून गोठ्यात माणसांनी राहण्याचा हक्क तेथे उत्पन्न होत नाही. खासगी तबेल्याच्या बाबतीत मालकी असली तरी महापालिकेच्या विकास आराखड्यात ती जागा कशासाठी राखली आहे, हे प्रथम पाहावे लागते. म्हणजे वास्तू रिकामी होणे ही एक गोष्ट आणि ती राहती करण्याचा अधिकार मिळणे ही दुसरी. ह्या दोहोंत अंतर आहे, आणि ते अर्ज, नकाशा व आदेश ह्यांनीच भरून निघते.

कायद्याच्या लेखी गोठा

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे. तिच्या आरंभीच्या व्याख्यांत शेतावरील इमारतीची व्याख्या दिली आहे. शेतीची अवजारे, खत किंवा वैरण साठविणे. शेतीचे उत्पन्न साठविणे. गुरांना आसरा देणे. खातेदाराच्या कुटुंबातील माणसे, नोकर किंवा कुळे यांचे राहणे. आणि लागवडीच्या व्यवस्थेचे अविभाज्य अंग असलेले अन्य काम, अशा पाच कामांसाठी शेतजमिनीवर उभारलेली इमारत ती शेतावरील इमारत होय. वाचकांनी चौथे काम ध्यानी घ्यावे. खातेदाराच्या कुटुंबाने शेतावर राहणे कायद्यास मुळीच अमान्य नाही. जो स्वतः शेत पिकवितो त्याने रिकाम्या गोठ्याच्या दोन खोल्या करून तेथे राहावे, हे ह्या व्याख्येच्या पोटात बसते. परंतु ही सवलत शेतीच्या आश्रयाने मिळालेली आहे. शेत पडीक टाकून केवळ सुट्टीपुरते घर ठेवणे, ते पाहुण्यांस भाड्याने देणे किंवा जमिनीचे तुकडे पाडून बंगले म्हणून विकणे ह्यांस ती लागू होत नाही.

१९८६ मध्ये ह्या संहितेच्या ४१ व्या कलमात दुरुस्ती होऊन आणखी मर्यादा आल्या. मुंबई शहर व उपनगरे, महानगरपालिका व नगरपरिषदांच्या हद्दी आणि त्यांच्या भोवतालचा ठरविलेला पट्टा, अशा ठिकाणी शेतावरील इमारत उभारण्यासाठी किंवा तिची पुनर्बांधणी, फेरफार वा वाढ करण्यासाठीही जिल्हाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी लागेल असे ठरले. धारण केलेले क्षेत्र ०.४ हेक्टरहून कमी असल्यास अशी परवानगी द्यावयाची नाही. इमारत जोत्यापासून ५ मीटरहून उंच असू नये आणि तिला तळमजल्यावर दुसरा मजला असू नये. सर्व इमारतींचे जोत्याचे क्षेत्र एकूण ४०० चौरस मीटरहून अधिक नको. आणि त्यांपैकी राहण्याच्या कामी लावावयाचा भाग, शेत कितीही मोठे असले तरी, १५० चौरस मीटरच्या आतच पाहिजे. जुना गोठा ह्या मापांत बसतो की नाही हे टेप घेऊन एका सकाळी मोजता येते. ते न मोजता वरचा मजला चढविणारी मंडळी पुढे अडचणीत येतात.

ह्याच्या जोडीला १९६६ चाच प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आहे. त्यात 'विकास' शब्दाचा अर्थ बांधकामापुरता ठेवलेला नाही. इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदल हाही विकासच मानला आहे. म्हणून "आम्ही एकही वीट नवी लावली नाही, फक्त आतून रंग दिला आणि खाटा मांडल्या," हा बचाव टिकत नाही. गुरांच्या जागी माणसे आली हाच बदल होय.

शेतजमिनीचा बिनशेती वापर करण्यास जिल्हाधिकाऱ्याची परवानगी हवी, हे संहितेच्या मूळ ४२ व्या कलमाचे सूत्र होते. २०१४ आणि २०१७ मध्ये शासनाने ह्या मार्गात पुष्कळ सैलपणा आणला. अंतिम विकास आराखड्यात जी जमीन निवासासाठी दाखविली आहे, किंवा जी गावठाणाच्या सीमेपासून २०० मीटरच्या आत आहे, तिच्या बाबतीत कर भरून वापर बदलणे सुलभ करण्यात आले. त्यानंतरही ह्या तरतुदी बदलत आल्या आहेत. ह्यावरून दोन गोष्टी ध्यानी येतात. एक, शासनाचा कल अर्ज सोपा करण्याकडे आहे. दुसरी, दहा वर्षांपूर्वी शेजाऱ्याने काय केले ह्यावर विसंबता येत नाही. ज्या दिवशी आपण अर्ज करू त्या दिवशीचा नियमच आपणांस लागू. तलाठी, तहसील किंवा नियोजन प्राधिकरण यांच्या कचेरीत त्या दिवसाची माहिती मागून घेण्यात कमीपणा नाही.

गावठाण की शेत

गोठा कोठे आहे, हा ह्यानंतरचा आणि कदाचित सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. तो गावठाणात असला तर प्रकरण पुष्कळ हलके होते. गावठाण म्हणजे गावच्या वस्तीसाठी निश्चित केलेली भूमी; तिची सीमा ठरविण्याचा अधिकार संहितेच्या १२२ व्या कलमाने जिल्हाधिकाऱ्यास दिला आहे. गावठाणातील आवार मूळचेच वस्तीचे असल्याने तेथे शेतीचे बिनशेती करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. बांधकामाची परवानगी मात्र घ्यावीच लागते. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ५२ व्या कलमात त्यासंबंधी तरतूद आहे. २०२० मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या स्वामित्व योजनेखाली खेड्यांतील गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन घरमालकांस मालमत्ता पत्रके मिळू लागली. ज्यांच्या गावी ही मोजणी होत असेल त्यांनी त्या दिवशी घरातील एक तरी जबाबदार माणूस तेथे हजर ठेवावा. आवाराची हद्द एकदा चुकीची लागली म्हणजे ती दुरुस्त करून घेण्यात वर्षे जातात.

उपनगरांतील गावठाणे पाहिली तर ह्या सीमारेषेचे महत्त्व डोळ्यांनी दिसते. अंधेरीजवळचे आंबोली, चकाला व मरोळ, बोरिवलीचे एक्सर अशा गावांत कोळी, आगरी, भंडारी, ईस्ट इंडियन कुटुंबांची जुनी घरे अरुंद गल्ल्यांच्या कडेने अजून आढळतात. सभोवतालची शेते गेली, बहुमजली इमारती उठल्या, आणि एके काळी शेताच्या मध्यावर असलेले गाव विहिरीच्या तळासारखे खाली राहिले. ह्या घरांस शहरी रस्त्यांची रुंदी, शेजारच्या इमारतीपासूनचे अंतर, वाहनतळ हे नियम जसेच्या तसे लावावयाचे तर एकही घर दुरुस्त होणार नाही. आणि मुळीच न लावावे तर आगीचा बंबही आत शिरणार नाही. गावठाण टिकावे आणि त्यात राहणारा माणूसही सुखाने राहावा, असा नियम करणे हे काम सोपे नाही. खेड्यांकडे जाताना उपनगरवासीयांनी हा धडा बरोबर न्यावा: जे गाव आज मोकळे दिसते तेथे आपणच पन्नास जणांच्या आधी पोचलेलो असतो.

ग्रामपंचायतीची घरपट्टी भरल्याची पावती पुष्कळजण मोठ्या विश्वासाने दाखवितात. घरपट्टी ही इमारत अस्तित्वात असल्याबद्दलची आकारणी आहे. बांधकाम कायदेशीर आहे किंवा जमीन आपल्या मालकीची आहे, असा दाखला त्या पावतीने मिळत नाही. वीजजोडणीचेही तसेच.

कूळ, भाऊबंद आणि खरेदीदार

आता थोडे नाजूक बोलावयाचे आहे. आमच्या वर्गातील कित्येक कुटुंबांच्या जमिनी १९४८ च्या कूळ कायद्याने, विशेषतः १ एप्रिल १९५७ ह्या कृषिदिनापासून, कसणाऱ्या कुळांच्या मालकीच्या झाल्या. जो कसतो त्याची जमीन, हे तत्त्व न्यायाचे होते, आणि दोन पिढ्यांनंतर त्याची कुरकुर करण्यात शोभा नाही. परंतु त्याचा एक परिणाम घर बांधू पाहणाऱ्याने ओळखला पाहिजे. राहते घर गावठाणात असल्याने आपल्याकडे राहिले. शेताच्या बांधावरील गोठा किंवा मांगर मात्र ज्या जमिनीवर उभा आहे ती जमीन कुळाच्या नावे लागलेली असू शकते. आजोबांनी बांधलेला म्हणून तो आपला, ही भावना खरी. सातबारा काय सांगतो तेही खरे, आणि कचेरीत दुसरे चालते. सातबारा, फेरफाराची नोंद आणि खात्याचा आठ-अ उतारा हे तीन कागद काढल्यावाचून सुतारास बोलावू नये.

भाऊबंदांचे प्रकरणही असेच. वडील वारल्यावर वारसनोंद झालीच नाही आणि आजोबांचेच नाव चालू आहे, असे प्रकार घरोघर आढळतात. गोठा एकाने सावरला, पैसा त्याने घातला, आणि पुढे वाटणीत तोच भाग दुसऱ्याच्या वाट्यास आला म्हणजे दोन घरांचे जाणेयेणे तुटते. आत्या, बहिणी ह्यांचाही वडिलार्जित मिळकतीत हक्क असतो. तो केवळ कागदावरचा समजू नये. सर्व हिस्सेदारांची लेखी संमती आधी घेतली तर गोडीही राहते आणि अर्जही निर्दोष होतो.

ज्यांचे गावच राहिले नाही ती मंडळी शेत विकत घेऊन त्यावरील जुनी इमारत राहती करू पाहतात. त्यांस पहिला अडसर कूळ कायद्याच्या ६३ व्या कलमाचा. जो शेतकरी नाही त्यास परवानगीवाचून ग्रामीण शेतजमीन विकत घेता येत नाही. दुसरा अडसर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचा. शेतीचे लहान लहान तुकडे पडू नयेत म्हणून प्रत्येक भागासाठी किमान क्षेत्र ठरविलेले असते, आणि त्याच्या आतील तुकड्याच्या व्यवहारावर निर्बंध घातलेले असतात. हेही नियम शासन मधून मधून सैल करीत आले आहे. म्हणून येथेही त्या दिवसाची स्थिती पाहावी.

येथे एक साधे गणित करून पाहू. चाळीस गुंठ्यांचा एक एकर, आणि एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. शेतावरील इमारतीसाठी वर सांगितलेले किमान क्षेत्र ०.४ हेक्टर, म्हणजे ४००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेएकोणचाळीस गुंठे. ह्याचा अर्थ ते कलम जेथे लागू आहे तेथे जवळजवळ अखंड एक एकर शेत असल्यावाचून शेतघराची परवानगी मिळत नाही. असे असता 'पाच गुंठ्यांत आपले शेतघर' अशा जाहिराती रेल्वेच्या डब्यांत आणि रस्त्याच्या कडेला झळकत असतात. अशा तुकड्यावर बहुधा दहापंधरा अनोळखी माणसांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढविलेली असतात. कोणाचा कोपरा कोणता हे केवळ विकणाऱ्याच्या नकाशात असते. निवृत्तीच्या पैशातून असा कोपरा घेणाऱ्या जोडप्याची पुढे काय अवस्था होते, ते सांगावयास नको. घर बांधता येत नाही, विकता येत नाही, आणि शेजाऱ्यांशी सरबांधावरून तंटा मात्र सुरू होतो. जाहिरातीतला शब्द 'शेतघर' असला तर पहिला प्रश्न 'शेत किती?' हाच करावा.

इंग्लंडातील अनुभव

रिकाम्या शेतइमारतींचा प्रश्न आपल्यापुरता नाही. इंग्लंडात यंत्रे मोठी झाली, जुनी धान्यकोठारे अपुरी पडली, आणि खेड्यांत घरांची टंचाई वाढली. तेव्हा तेथील शासनाने २०१४ मध्ये एक निराळा मार्ग काढला. ठराविक मर्यादेत बसणाऱ्या शेतइमारतीचे घर करण्यास नेहमीच्या संपूर्ण नियोजन-परवानगीची आवश्यकता नाही. स्थानिक अधिकाऱ्याने रस्ता, आवाज, पूर, भूमीतील दूषितता, बाह्य रूप अशा नेमक्या मुद्द्यांपुरती आगाऊ तपासणी करावी, आणि त्यांत उणे नसेल तर संमती द्यावी. आरंभी एका शेतावर तीनच घरे आणि एकूण ४५० चौरस मीटर अशी मर्यादा होती. २०१८ मध्ये घरांची संख्या पाचपर्यंत गेली. २०२४ मध्ये दहा घरे, एकूण १००० चौरस मीटर आणि प्रत्येक घर १५० चौरस मीटरपर्यंत असे ठरले. एका घरास १५० चौरस मीटर हा आकडा आपल्या १९८६ च्या दुरुस्तीतही आहे, हे पाहून मौज वाटते. दोन्हीकडे एकच विचार दिसतो: घर कुटुंबापुरते असावे, हवेली होऊ नये. राष्ट्रीय उद्याने व विशेष निसर्गसौंदर्याचे प्रदेश ह्यांस ही सवलत दिलेली नाही.

ह्या नियमाची खरी कसोटी २०१६ च्या एका निकालात लागली. पोलादी खांबांचे, तीन बाजूंनी बहुतांशी मोकळे असे एक कोठार घर करावयाचे होते. न्यायालयाने सांगितले की रूपांतर आणि नवे बांधकाम ह्यांत भेद आहे; उभ्या सांगाड्यास सर्व भिंती नव्याने घालाव्या लागत असतील तर त्यास रूपांतर म्हणता येणार नाही. २०२० पासून प्रत्येक राहत्या खोलीत पुरेसा नैसर्गिक उजेड हवा, अशीही अट तेथे आली. कारण केवळ सवलत मिळते म्हणून अंधाऱ्या कोठड्यांत माणसे कोंबली जाण्याची भीती होती. आमच्या मते ह्या दोन कसोट्या, जुनी वास्तू घराचा भार पेलेल काय आणि आत उजेड येईल काय, कोणत्याही देशात लावण्याजोग्या आहेत. कायदा विचारो वा न विचारो, घरधन्याने त्या आपणहून लावाव्यात.

गोठ्याची प्रकृती

गोठा हा माणसांसाठी बांधलेला नसतो, आणि त्याच्या भिंती ते विसरत नाहीत. वर्षानुवर्षे मूत्र व शेण मुरल्याने जमिनीत आणि भिंतींच्या खालच्या दोन-तीन फुटांत क्षार साठलेले असतात. पावसाळी हवेत हे क्षार ओल शोषितात आणि उन्हाळ्यात पांढऱ्या भुकटीच्या रूपाने बाहेर येऊन गिलावा फोडतात. त्यावर घाईने सिमेंटचा गिलावा मारला तर ओल आतच कोंडली जाते आणि भिंतीत वर चढते. जुना गिलावा उतरवावा, खालची क्षारमिश्रित माती काढून टाकावी, भिंतीस एक उन्हाळा मोकळी वाळू द्यावी, आणि मग चुन्याचा गिलावा करावा, हा मार्ग हळू असला तरी टिकाऊ. चिऱ्याच्या किंवा मातीत रचलेल्या दगडी भिंतीस चुना मानवतो, कारण त्यातून ओल बाहेर पडू शकते.

गोठ्याची जमीन मूत्र वाहून जावे म्हणून एका अंगास उतरती असते आणि जोते घराच्या मानाने ठेंगणे असते. जोते न उचलता फरशी घातली तर पहिल्याच मृगात पाणी आत येईल. आढे, वासे, पाखाड्या ह्यांस वाळवी आहे काय हे एका जाणत्या सुताराकडून टोचून पाहून घ्यावे. लहान झरोक्यांच्या जागी खिडक्या पाडताना वरचा भार कोण धरणार हे आधी ठरवावे. शौचालयाची टाकी विहिरीपासून जितकी दूर आणि उताराच्या खाली करता येईल तितकी करावी. गावची विहीर बाटविणाऱ्या घरास गावात मान मिळत नाही. हा सर्व हिशेब मांडल्यावर नवी वास्तू स्वस्त पडते असे दिसले तर तसे म्हणण्यास लाजू नये. सर्वच गोठे घर होण्याच्या योग्यतेचे नसतात.

काय करावे

जमीन गावठाण आहे की शेत. आराखड्यात ती कशासाठी दाखविली आहे. सातबाऱ्यावर नावे कोणाची. हिस्सेदार राजी आहेत काय. वास्तूची मापे नियमात बसतात काय. आणि भिंती भार पेलतील काय: ह्या सहा प्रश्नांची उत्तरे ह्याच क्रमाने मिळवावीत. समुद्रकाठच्या गावी, जसे बोरिवलीपलीकडील गोराई-मनोरी, तेथे किनारा-नियमन क्षेत्राचा सातवा प्रश्नही पुसावा लागतो. पहिल्या चार उत्तरांस फारसा खर्च नाही. शेवटच्या दोहोंस एका अभियंत्याचे आणि एका सुताराचे शुल्क पडते. उलट क्रमाने जाणारा मनुष्य प्रथम छप्पर घालतो आणि मग कागद शोधीत फिरतो. त्याची विनवणी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यापाशी तेव्हा दोनच वाटा उरतात: दंड घेऊन नियमित करणे किंवा पाडण्याचा आदेश देणे.

शासनाकडेही आमचे एक मागणे आहे. शेतीच्या इमारतीची आपली व्याख्या शेती चालू आहे असे धरून केलेली आहे. शेती थांबल्यावर सुस्थितीतील जुन्या वास्तूचे काय करावे, ह्याचे सुटसुटीत उत्तर तीत नाही. म्हणून चांगला चिरेबंदी गोठा पडू दिला जातो आणि त्याच्या शेजारी सिमेंटचे नवे खोके उभे राहते. जुनी वास्तू, लहान आकार, मूळ बाह्यरेषा कायम, पाणी व सांडपाण्याची सोय, आणि भोवतालचे शेत विकून तुकडे न करण्याची हमी, एवढ्या अटींवर एक आखूड, स्वतंत्र नियम करता येईल. त्याने शेतजमिनीवर बंगल्यांचा पूर येणार नाही, कारण जी वास्तू आधीपासून उभी आहे तिलाच तो लागू होईल. आणि प्रामाणिक मनुष्यास चोरट्यासारखे रात्री कौले चढविण्याची पाळी येणार नाही. साष्टीतील शेतांचे नगर झाले तेव्हा नियम बहुधा बांधकामाच्या मागून धावत आले, आणि त्याची किंमत अरुंद रस्त्यांच्या व तुंबणाऱ्या नाल्यांच्या रूपाने आपण रोज देत आहोत. कोकणात व देशावर ते पुन्हा घडू नये असे वाटत असेल, तर नियम आधी आणि भिंत मागून, ही रीत घरधन्यांनी आणि शासनाने दोघांनीही पाळली पाहिजे.